चैत्राची सुपारी

पुणे-नाशिक रस्त्यावरचे नारायणगाव एरवी टोमॅटोच्या बाजारासाठी ओळखले जाते. होळी सरली की मात्र तिथे दुसराच बाजार भरू लागतो. ओळीने राहुट्या उभ्या राहतात. प्रत्येकीच्या तोंडाशी फडाच्या नावाचा मोठा फलक, त्यावर फेटा बांधलेल्या मालकाचे आणि नऊवारीतल्या कलावंतांचे फोटो. आत सतरंजी, चार खुर्च्या, पाण्याचा जार आणि एक जाडजूड वही. त्या वहीत चैत्र-वैशाखाच्या तिथी ओळीने लिहिलेल्या असतात. काहींसमोर गावाचे नाव पडलेले असते, काही अजून कोऱ्या असतात.

गुढीपाडव्याला या राहुट्यांमध्ये पाय ठेवायला जागा उरत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर अशा तालुक्यांतून जीपा भरभरून यात्रा कमिट्या येतात. कमिटीत एखादा माजी सरपंच असतो, दोन-चार तरुण असतात आणि तमाशातले सगळे कळते असे ज्यांना गाव मानते असे एखादे आबा किंवा तात्या असतात. बोलणी तिथीपासून सुरू होतात. आमची जत्रा अष्टमीची, तुम्ही मोकळे आहात का? मग एकेक प्रश्न बाहेर येतो. ढोलकीला कोण आहे? सोंगाड्या गेल्या वर्षीचाच का? वग कोणता लावणार? दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी देणार ना? आकडा ठरतो, विसार दिला जातो, करारावर सह्या होतात आणि वहीतल्या त्या तिथीसमोर गावाचे नाव लिहिले जाते. यालाच सुपारी देणे म्हणतात. राहुट्या कधी पंचवीस, कधी तीसच्या पुढे जातात आणि मोठ्या फडाची एका रात्रीची सुपारी आता लाखांच्या घरात असते. नारायणगावाला ‘तमाशाची पंढरी’ म्हणतात ते यामुळेच.

तमाशाचा इतिहास सांगताना बहुतेक वेळा पेशवाईतल्या शाहिरांपासून सुरुवात होते, मग मुंबईची थिएटरे येतात, मग मराठी चित्रपट. हे टप्पे खरे आहेत. पण राजाश्रय गेला, थिएटरे गेली, तमाशापटांची लाटही ओसरली, तरी फड चालत राहिले. ते ज्याच्या बळावर चालले ती गोष्ट या कथनात अनेकदा निसटते. ती म्हणजे चैत्रातली गावची जत्रा. तिथे खेळ ठरवते गाव, पैसे देते गाव, आणि उघड्या मैदानात बसून तो पाहतेही गावच.

जत्रा चैत्रातच का, याचे उत्तर शेतात आहे. फाल्गुनापर्यंत ज्वारी-गहू काढून झालेला असतो, मळणी उरकलेली असते. धान्य कणगीत आणि थोडाफार पैसा हातात आलेला असतो. पेरणीला अजून दोन महिने असतात, बैलांना काम नसते. पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांचे गाळपही याच सुमारास संपत येते आणि उसाच्या फडावर गेलेली माणसे घराकडे वळतात. रान मोकळे असते, त्यामुळे हजारोंनी बसायला जागा मिळते. पावसाची धास्ती नसते. दिवसा ऊन रणरणले तरी रात्री उघड्यावर बसवते. गावोगावच्या भैरवनाथ, खंडोबा, हनुमान, मुक्ताबाई अशा ग्रामदैवतांचे उत्सव म्हणूनच पाडव्यापासून बुद्धपौर्णिमेपर्यंतच्या दीड महिन्यात दाटीवाटीने येतात.

या दाटीवरच फडांचे अर्थकारण उभे आहे. देवाची तिथी हलवता येत नाही. चैत्री पौर्णिमेला हनुमान जयंती असते, वद्य अष्टमीला कालाष्टमी. अशा दिवशी एकाच तालुक्यातल्या अनेक गावांना एकाच रात्री तमाशा हवा असतो आणि नावाजलेले फड हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. त्यामुळे त्याच फडाची सुपारी मोठ्या तिथीला चढते आणि आडदिवसाला उतरते. गावेही यात चुरशीने उतरतात. शेजारच्या गावाने कोणता फड आणला हे पाहून आपली वर्गणी ठरवणारी गावे आजही आहेत. घरटी वर्गणी, नोकरदारांची जादा वर्गणी, कुस्त्यांच्या इनामाची आणि तमाशाची वेगळी रक्कम असा सगळा हिशेब जत्रेनंतर देवळात वाचून दाखवला जातो किंवा फळ्यावर लिहिला जातो.

जत्रेचा क्रमही ठरलेला. पहाटे देवाला अभिषेक, दिवसभर नैवेद्य आणि नवस, संध्याकाळी पालखी आणि छबिना. शोभेची दारू उडाली की लोक मैदानाकडे सरकू लागतात. दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरी, दुपारी कुस्त्यांचा आखाडा. उत्तर पुणे जिल्ह्यात बैलगाडा शर्यतीचा घाटही याच दिवसांत गाजतो.

रात्रीच्या खेळाची सुरुवात कोणी पाहिली नसेल तर ती सांगण्यासारखी आहे. रंगमंचाच्या मागे कागद किंवा काटक्या पेटवून हलगीवाला हलगी शेकत असतो. उष्णतेने कातडे ताणले जाते, आवाज चढतो. थोडे कमी शेकले तर हलगी बसकी बोलते, जास्त शेकले तर कातडे फाटते. तिकडे ढोलकीवाला दोऱ्या खेचून, कड्या सरकवून शाईचा सूर पेटीशी जुळवतो. मग दोघे पुढे येतात आणि गाण्याचा एक शब्दही न उच्चारता वाजवू लागतात. हलगी बोल टाकते, ढोलकी तो उचलून दुपटीत परत करते. या वादनाने मैदान भरते; घरी भाकरी खात बसलेला माणूस उठतो तो या आवाजाने. मागून तुणतुणे आणि झांज येते, कडे वाजू लागते, आणि शाहीर गणाला उभा राहतो. त्याच्या पाठीमागचे सुरते ओळीचा शेवट उचलून उंच पट्टीत ‘जी जी’ करून तोलून धरतात. ध्वनिक्षेपक नव्हते त्या काळात हा सूर मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचवणे हेच त्यांचे काम होते.

गणानंतर गवळण. श्रीकृष्ण, पेंद्या, मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी आणि त्यांची मावशी. मावशीचे काम पुरुष करतो आणि गावातल्या ताज्या घडामोडींवर तिची टोलेबाजी चालते. मग बतावणी, लावण्या, फर्माईशी, आणि मध्यरात्र उलटल्यावर वग. वग म्हणजे पुरते नाटक. ऐतिहासिक, पौराणिक, सामाजिक, कधी डाकूंचे, कधी सासुरवाशिणीचे. तो पहाटेपर्यंत चालायचा. दिवस उजाडता उजाडता खलनायक मरायचा आणि लोक डोळे चोळत विहिरीकडे जायचे.

काही तासांच्या झोपेनंतर तीच मंडळी देवळासमोर हजेरीला उभी राहतात. हा प्रकार शहरी प्रेक्षकाला फारसा ठाऊक नाही. इथे पडदा नसतो, रोषणाई नसते. पारावर किंवा मंडपात चांगल्या उन्हात गण होतो, लावण्या होतात, जाणकार फर्माईश करतात आणि खुश होऊन बक्षीस देतात. रात्री रंगमंचावर दूर दिसलेली कलावंत इथे चार हातांवर उभी असते. रात्रीच्या दिव्यांत झाकता येते ते इथे झाकता येत नाही. गळा आणि ताल खरा असेल तरच हजेरी रंगते. म्हणून जुनी माणसे फडाची पारख हजेरीला करतात.

मागे वळून पाहिले तर या साऱ्याची मुळे उत्तर पेशवाईत जातात. रामजोशी सोलापूरचे, अनंत फंदी संगमनेरचे, होनाजी जातीने गवळी, परशराम शिंपी, सगनभाऊ मुसलमान, प्रभाकर ब्राह्मण. एवढ्या वेगवेगळ्या घरांतून आलेल्या शाहिरांनी लावणी आणि पोवाडा घडवला, आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात पुण्यात त्यांना मोठा आश्रय मिळाला. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि तो आश्रय संपला. तमाशाला जगायचे तर गावाकडे वळणे भाग होते. दरबारात थोड्या रसिकांना रिझवणारी कला आता जत्रेतल्या हजारोंसमोर उभी राहिली आणि तिचा घाट बदलत गेला. नुसत्या लावण्यांवर रात्र काढता येत नाही; गोष्ट लागते. सांगलीकडच्या सावळजच्या उमाबाबूंनी १८६५ मध्ये रचलेला ‘मोहना-बटाव’ हा पहिला वग मानला जातो. तिथून पुढे वग हा तमाशाचा कणा झाला.

या गावच्या तमाशाची जबाबदारी प्रामुख्याने महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतल्या कलावंतांनी उचलली. गावाने त्यांना रात्रभर डोक्यावर घेतले आणि सकाळी गावकुसाबाहेर धाडले. ज्यांच्या गाण्याने देवाची जत्रा साजरी व्हायची त्यांतल्या अनेकांना त्याच देवळाची पायरी चढता येत नव्हती. तमाशाच्या इतिहासाचे कौतुक करताना ही वस्तुस्थिती वगळली तर तो इतिहास खोटा ठरतो. फडमालकांची नावे पाहिली तरी ते दिसते. सावळजकर, कवलापूरकर, हिवरगावकर, इंदुरीकर अशी गावाची नावे त्यांनी आडनाव म्हणून मिरवली. आणि काही फडांच्या नावात जातही उघड लिहिलेली असे.

पठ्ठे बापूराव हे या इतिहासातले सर्वांत गाजलेले नाव. श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हे त्यांचे मूळ नाव. १८६६ मध्ये सांगलीकडच्या रेठरे हरणाक्ष इथे ब्राह्मण कुटुंबात जन्म, घरात कुलकर्णीपणाचे वतन. ते सारे सोडून ते तमाशात आले, दलित कलावंतांबरोबर राहिले आणि त्यासाठी स्वजातीचा बहिष्कार सोसला. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा त्यांच्या फडात आली आणि या जोडीने मुंबई-पुण्यापासून खेड्यांपर्यंत सगळीकडे गर्दी खेचली. तोवर तमाशात बाईचे काम बहुतेक नाच्या पोऱ्या करत असे. पवळेच्या लोकप्रियतेनंतर स्त्री कलावंत हा फडाचा मुख्य आधार झाला. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात बापूरावांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना देणगी देऊ केली आणि आपल्या समाजातल्या बायांना नाचवून मिळालेला पैसा नको म्हणून बाबासाहेबांनी ती नाकारली, ही हकिगत प्रसिद्ध आहे. कलेची थोरवी आणि त्या कलेमागची जातीची पिळवणूक हे दोन्ही तिच्यात एकदम समोर येते. १९४५ मध्ये बापूराव गेले तेव्हा ते अत्यंत हलाखीत होते.

याच काळात तमाशाच्या अंगाने दुसरेही काही घडत होते. सत्यशोधक समाजाच्या कार्यकर्त्यांनी तमाशाचाच बाज घेऊन जलसे उभे केले. गणात गणपतीऐवजी वेगळे नमन आले, गवळणीऐवजी भटशाही आणि सावकारीवर संवाद आले. पुढे नाशिककडे भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. चाळीसच्या दशकात अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथकातून कामगारांपुढे हीच रचना वापरली. उघड्या मैदानात, हजारो माणसांना, फारशा सामग्रीशिवाय धरून ठेवायची ताकद तमाशात होती आणि ती चळवळींनी नेमकी ओळखली होती.

मुंबईच्या गिरणगावाचा आणि चैत्रातल्या जत्रेचा संबंध घट्ट होता. सातारा, सांगली, पुणे, नगर या भागांतून आलेले गिरणी कामगार चाळीत गावकीच्या खोलीत राहायचे आणि पगारातून जत्रेची वर्गणी गावी पाठवायचे. चैत्रात रजा काढून ते स्वतः गावी जायचे. वर्षभर लालबागच्या हनुमान थिएटरसारख्या ठिकाणी त्यांनी वेगवेगळे फड पाहिलेले असत, त्यामुळे जत्रेला कोणता फड आणायचा यात मुंबईकरांच्या शब्दाला वजन असे. थिएटरांना छप्पर असल्याने फडांना पावसाळ्यातही खेळ लावता येत. म्हणजे एकच प्रेक्षक फडाला दोनदा जगवत होता, मुंबईत तिकीट काढून आणि गावात वर्गणी देऊन. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या तेव्हा त्याची झळ गावच्या तमाशालाही बसली.

स्वातंत्र्यानंतर लगेचच, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. ज्यांचे पोट त्यावर होते त्यांनी दाद मागितली. दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, बंदी उठली, पण संहिता आधी तपासून घेण्याची अट आली. बतावणी आणि गवळणीतले संवाद कलावंत उभ्याउभ्या रचत असत. गावात त्या दिवशी काय घडले त्यावर ते बेतलेले असत. आता ते कागदावर उतरवून मंजूर करून घ्यायचे होते. अनेक फडमालकांनी नावापुढे ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ लावले ते याच सुमाराच्या पुढच्या काळात, आणि आजही फलकांवर तेच दिसते.

नारायणगावची कीर्ती मात्र कोणत्याही सरकारी निर्णयाने झाली नाही. ती झाली भाऊ आणि बापू या दोन भावांमुळे आणि भाऊंच्या मुलीमुळे. विठाबाई नारायणगावकर यांचा जन्म १९३५ चा, पंढरपूरचा. वडील आणि चुलत्यांच्या भाऊ-बापू मांग नारायणगावकर या फडात त्या लहानपणीच उभ्या राहिल्या. गळा, अदाकारी आणि वगातला अभिनय तिन्ही त्यांच्याकडे होते. भर खेळात कळा सुरू झाल्या, पडद्यामागे जाऊन त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर येऊन नाचू लागल्या. काय झाले ते प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर त्यांनीच खेळ थांबवायला लावला, ही त्यांच्याबद्दलची हकिगत महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ती सांगताना बहुधा कलेवरच्या निष्ठेचे कौतुक होते. त्या रात्रीची सुपारी बुडाली तर पुऱ्या फडाचे खाणे बुडेल, हा तिच्यातला दुसरा अर्थही तितकाच खरा आहे. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावंताची अखेरची वर्षे पैशाच्या ओढाताणीत गेली. २००२ मध्ये त्या गेल्या. त्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार राज्य सरकार आता तमाशा कलावंतांना देते, आणि त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड उभा करून तो कैक वर्षे चालवला.

दक्षिणेला, सांगलीजवळच्या कवलापुरात, दुसरे घराणे नांदत होते. शिवा-संभा कवलापूरकर यांचा फड पुढे संभा यांच्या जुळ्या मुलांनी, लहू आणि अंकुश खाडे यांनी गाजवला. ‘जहरी प्याला’ या वगात त्यांनी काळू आणि बाळू नावाच्या हवालदारांची कामे केली आणि लोकांनी त्यांना तीच नावे कायमची चिकटवली. दोघे दिसायला इतके सारखे की एक आत जाऊन दुसरा बाहेर आला तरी मैदानाला पत्ता लागत नसे. या साम्यावर त्यांनी अख्खा वग तोलला. इंदुरीचे दादू इंदुरीकर यांनी ‘गाढवाचं लग्न’ मधला सावळ्या कुंभार असा काही उभा केला की तो वग त्यांच्या नावानेच ओळखला जाऊ लागला. संगमनेरकडे तुकाराम खेडकर आणि कांताबाई सातारकर यांनी ऐतिहासिक वगांना वजन आणले. खेडकरांच्या पश्चात कांताबाईंनी फड सावरला, आणि बाईमाणसाने फडाची मालकीण होऊन शंभर माणसांचा संसार हाकणे किती अवघड होते ते त्यांच्या पिढीला ठाऊक होते.

मोठे फड हळूहळू तंबूचे झाले. कनाती, तिकीट, जनरेटर, मालमोटारी, फिरता रंगमंच, शंभर-दीडशे माणसे. असा फड दसऱ्याला बाहेर पडतो आणि बुद्धपौर्णिमेला परततो. पावसाळ्यात नव्या वगाच्या तालमी होतात. छोटे फड हंगामी. त्यांच्याकडे तंबू नसतो, पंचवीस-तीस माणसे असतात आणि ते मुख्यतः चैत्र-वैशाखात गावाच्या सुपाऱ्या घेतात. तंबूचा मोठा फडही जत्रेच्या दिवसांत सुपारीवरच येतो. कारण हिवाळ्यात तिकिटावर मिळालेले पैसे रोजच्या खर्चात जातात. वर्षाचे कर्ज फिटते ते चैत्रात.

हे कर्ज म्हणजे या धंद्याची जुनी दुखरी जागा. हंगाम सुरू होण्याआधी मालक प्रत्येक कलावंताला उचल देतो. पावसाळ्यात घर चालवायला, मुलीच्या लग्नाला, दवाखान्याला कलावंताला ती लागतेच. मालकाकडे तरी एवढा पैसा कुठून असणार? तो सावकाराकडून चढ्या व्याजाने आणतो. उचल फिटेपर्यंत कलावंत फडाला बांधलेला आणि कर्ज फिटेपर्यंत मालक सावकाराला. एखादा अवकाळी पाऊस चैत्रातल्या चार तिथी धुऊन नेतो तेव्हा त्याचा फटका या साखळीत शेवटच्या वादकापर्यंत पोचतो. सरकारचे फडांसाठी अनुदान आहे, वृद्ध कलावंतांना मानधन आहे. पण उचलीच्या जागी बँकेचे साधे हंगामी कर्ज मिळण्याची सोय या फडांना आजवर नीट लाभलेली नाही.

खेळाच्या आतल्या रचनेला मोठा धक्का बसला तो एका वेगळ्याच नियमाने. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० मध्ये आले आणि रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई झाली. नियमामागचा हेतू रास्त आहे. आजारी माणसाला आणि अभ्यास करणाऱ्या मुलाला शांतता हवीच. परंतु छबिना संपून तमाशा उभा राहतो तोच रात्री ९-१० ला. मर्यादित दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते, ती बहुतेक मोठ्या सणांसाठी वापरली जाते. दोन तासांत खेळ उरकायचा म्हटल्यावर काय कापायचे? जे सर्वांत शेवटी येते आणि सर्वांत लांब असते ते. वग कापला गेला. त्याबरोबर वग लिहिणारे, खलनायक रंगवणारे, लांबलचक स्वगते पाठ असणारे नट बिनकामाचे झाले. उरल्या त्या लावण्या आणि चित्रपटगीतांवरचे नाच. आजच्या तमाशात नाचाशिवाय काही नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी हा हिशेबही ध्यानात घ्यायला हवा.

मग आला २०२० चा पाडवा. तारीख होती २५ मार्च. देशभरातली टाळेबंदी सुरू झाली तो हाच दिवस. नारायणगावात करार झालेल्या सुपाऱ्या एका रात्रीत रद्द झाल्या. गावे विसार परत मागू लागली आणि तो तर आधीच उचलीत आणि डिझेलमध्ये खर्च झालेला होता. जत्रा थांबल्या, देवळे बंद झाली. कलावंत शेतमजुरीला गेले, भाजी विकू लागले. पुढच्या वर्षी आशा होती. २०२१ चा पाडवा १३ एप्रिलला आला आणि त्याच संध्याकाळी राज्यात नव्या निर्बंधांची घोषणा झाली. दुसरा चैत्रही गेला. त्याच वर्षी मे महिन्यात कांताबाई सातारकर गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये फडांसाठी असंख्य लावण्या आणि वग लिहिणारे बशीर मोमीन कवठेकर. दोन हंगाम बुडाल्याने काही फड मोडले, मालमोटारी विकल्या गेल्या, तंबूच्या कनाती गोदामात कुजल्या. नेमका २०२२ च्या पाडव्याला, २ एप्रिलला, राज्याने सगळे निर्बंध उठवले आणि त्या चैत्रात पुन्हा जत्रा भरल्या.

त्यानंतरचे चित्र एकसुरी नाही. काही गावांनी तमाशा सोडून ऑर्केस्ट्रा, डीजे किंवा नुसत्या नाचाचे कार्यक्रम घेतले. काहींनी जत्रेची वर्गणी अन्नदानाकडे वळवली. पण सुपारी देताना वगाची अट घालणारी गावेही आहेत, आणि त्यांच्या कमिट्यांत मोबाइलवर जुने वग पाहून फर्माईश घेऊन येणारे तरुण दिसतात. ढोलकीच्या फडांचे चित्रीकरण यूट्यूबवर पडते, त्यातून लांबच्या गावांची बोलणी सुरू होतात. विद्यापीठांच्या लोककला विभागांत ढोलकी आणि लावणी शिकवली जाते, अभ्यासक फडांबरोबर फिरून लिहितात. संदेश भंडारे यांच्या छायाचित्रांनी राहुटीतली, ट्रकमधली आणि रंगपटातली माणसे पुस्तकातून वाचकांपुढे आणली.

करण्यासारखे पुष्कळ आहे आणि त्यातले बरेचसे अवघडही नाही. मध्यरात्रीपर्यंतच्या सवलतीचे काही दिवस जिल्हा प्रशासनाला चैत्री जत्रांसाठी राखून ठेवता येतील. वग आटोपशीर करून दोन तासांत बसवणारे लेखक फडांना हवे आहेत. जुन्या लेखकांच्या वगांच्या वह्या त्यांच्या घरांत पडून आहेत, त्यांच्या प्रती तरी निघायला हव्यात. हजेरीला ध्वनिक्षेपकाची वेळ आड येत नाही आणि खर्चही फारसा लागत नाही, म्हणून जिथे ती बंद पडली तिथे ती पुन्हा सुरू करणे कमिटीच्या हातात आहे. कलावंतांसाठी मुक्कामाची खोली, मोरी आणि संडास यांची सोय करारात लिहून घेण्याची पद्धत रूढ झाली तर फडातल्या बायांचा रोजचा त्रास निम्मा होईल. जत्रेच्या वर्गणीत कुस्तीच्या इनामासारखीच वृद्ध कलावंतांसाठी ठरावीक रक्कम ठेवणेही गावाला जड नाही.

बुद्धपौर्णिमेला फड परततात. तंबू सोडून घड्या घातल्या जातात, मालक वह्या घेऊन बसतो आणि प्रत्येक कलावंताची उचल आणि झालेले खेळ यांचा मेळ घालतो. कोणाचे देणे राहते, कोणाच्या हातावर थोडे पैसे पडतात. त्याच बैठकीत पुढच्या हंगामाची बोलणी होतात, कोण राहणार आणि कोण दुसऱ्या फडात जाणार ते ठरते, आणि दसऱ्याच्या आधी कोणता वग बसवायचा यावर ढोलकीवाला, सोंगाड्या आणि मालक यांचा वाद रंगतो.